केसपेपरवरचा वयाचा रकाना

विषय जरा जड आहे आणि अर्धा घरचा आहे. आमच्या नात्यातली बरीच माणसं हे वाचतात म्हणून नावं घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

गेल्या दोन वर्षांत आमच्या उदगीरच्या गोतावळ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे दोन रुग्ण निघाले. एक आमचे काका, वय अठ्ठ्याहत्तर. दुसरा आतेभाऊ, वय छत्तीस. दोघांचीही शस्त्रक्रिया झाली आणि दोघांच्याही तपासणीत रोग जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलेला निघाला, म्हणजे तिसरा टप्पा. इथपर्यंत सारखं. पुढे मात्र आतेभावाला सहा महिने सलाईनमधून दोन औषधांची केमो, आणि काकांना नुसत्या गोळ्या, त्याही कमी मात्रेपासून सुरू केलेल्या.

झालं! घरात कुजबुज सुरू झाली. "म्हाताऱ्याला स्वस्तातलं औषध दिलं." पुढे तर "शेताची वाटणी व्हायची आहे ना अजून" इथपर्यंत गाडी गेली. काकांची मुलगी आणि मुलगा, सख्खी बहीण-भावंडं, चार महिने एकमेकांशी बोलत नव्हती. ताईचं म्हणणं, बाबांना टाळलं. दादाचं म्हणणं, डॉक्टरांनी जे सांगितलं ते केलं.

मी डॉक्टर नाही. पण इतिहास वाचायची खोड जुनी आहे. एकाच रोगाला दोन वयांत दोन उपचार, हे कुणी, कधी आणि कशावरून ठरवलं, हे शोधत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. उदगीर म्हटलं की लोकांना १७६० ची लढाई आठवते, किल्ला आठवतो, हल्ली २०२२ चं साहित्य संमेलन आठवतं. पण दुखण्याच्या दृष्टीने बघितलं तर उदगीरचा इतिहास म्हणजे रस्त्यांचा इतिहास आहे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात होतो. मोठं दुखणं आलं की बीदर, जहीराबाद, विकाराबाद करत आगगाडीने हैदराबाद गाठायचं, तिथे उस्मानिया दवाखाना. १९५५ साली हैदराबादला खास कर्करोगासाठी रुग्णालय निघालं, तेच पुढे मेहदी नवाज जंग यांच्या नावाने ओळखलं गेलं. १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, आपण उस्मानाबाद जिल्ह्यात आलो आणि हळूहळू तोंड मुंबईकडे वळलं. मुंबईत परळला टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ पासून सुरूच होतं. ते १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय उभं राहिलं. १९८२ हे वर्ष तर आपल्यासाठी दुहेरी. त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला आणि त्याच वर्षी बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय निघालं.

बार्शीचं महत्त्व नुसतं रुग्णालय म्हणून नाही. १९८७ मध्ये तिथे ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. कुणाला कर्करोग झाला, कितव्या वर्षी झाला, कोणत्या अवयवाचा, हे गावोगाव फिरून लिहून ठेवायचं. त्याआधी आपल्या भागात असल्या मरणाची नोंद कशी व्हायची? "पोटात गाठ होती", "संग्रहणी झाली", "मूळव्याधीने गेले". आमच्या पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगतात की शेवटी शेवटी रक्त पडायचं आणि माणूस वाळत गेला. वय? "पिकलं पान होतं." बस्स. वयाचा आकडा लिहिला जाणं हीच मुळात केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या नोंदवहीबद्दल वाचताना जाणवलं.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. गुदाशयाचा कर्करोग कापून काढायचा पहिला यशस्वी प्रयत्न पॅरिसच्या लिस्फ्रांक या शल्यविशारदाने १८२६ मध्ये केला. भूल द्यायची पद्धत त्यानंतर वीस वर्षांनी आली, म्हणजे त्या रुग्णाने काय सोसलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढचा मोठा टप्पा १९०८ चा, लंडनच्या अर्नेस्ट माइल्सचा. त्याच्या लक्षात आलं की खालच्या बाजूने केलेल्या त्याच्या ५७ शस्त्रक्रियांपैकी ५४ जणांचा रोग परत आला. मग त्याने पोटातून आणि खालून अशी दोन्हीकडून शस्त्रक्रिया करून सगळा भाग काढायचा आणि पोटावर कायमचं शौचाचं तोंड ठेवायचं, अशी पद्धत मांडली. रोग परत येणं कमी झालं. पण पहिल्या बारा रुग्णांपैकी पाच जण शस्त्रक्रियेनेच दगावले!

इथे थोडं थांबू या. बारात पाच. त्या काळात सत्तरीच्या माणसाला "नको" म्हणणारा डॉक्टर क्रूर नव्हता, हिशेबी होता. रक्त चढवायची आजच्यासारखी सोय नाही, प्रतिजैविकं नाहीत, अतिदक्षता विभाग नाही. "वय झालंय, कशाला चिरफाड" हे आपल्याकडचं वाक्य त्या काळात खरं होतं. गोची अशी की काळ बदलला आणि वाक्य तसंच राहिलं. १९३२ मध्ये डर्कस... नव्हे, ड्यूक्स (कथबर्ट ड्यूक्स, लंडनचेच) यांनी रोगाचे टप्पे पाडून दिले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डिक्सन यांनी वरच्या भागातला रोग काढून आतडं परत जोडता येतं हे दाखवलं, म्हणजे प्रत्येकाच्या नशिबी पिशवी नाही. १९८२ मध्ये इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड काढायचं तंत्र मांडलं आणि रोग जागेवर उलटण्याचं प्रमाण खूप घटलं. भूलशास्त्र सुधारलं, दुर्बिणीने शस्त्रक्रिया आली. आज धडधाकट म्हाताऱ्या माणसाचं आतडं काढणं ही काही अचाट गोष्ट राहिलेली नाही. जोखीम तरुणापेक्षा जास्त असते, पण ती वयापेक्षा हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड आणि अंगातली ताकद यांवर जास्त ठरते. आणि आतडं बंद पडून रात्री-अपरात्री घाईने करावी लागणारी शस्त्रक्रिया ही तयारीनिशी केलेल्यापेक्षा म्हाताऱ्यांना फारच महागात पडते. म्हणजे "वय झालंय" म्हणून थांबणं हीच कित्येकदा मोठी जोखीम.

काकांच्या बाबतीत हे थोडक्यात टळलं. त्यांना नुसता थकवा होता. दोन जिने चढले की धाप. सगळे म्हणायचे वयोमानाने. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. आतड्याच्या उजव्या बाजूचा रोग असाच असतो, रक्त दिसत नाही, आतल्या आत झिरपत राहतं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, दहाव्या दिवशी काका घरी.

खरा वाद औषधांचा. फाइव्ह-एफयू हे औषध चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ मध्ये पुढे आणलं. पण शस्त्रक्रियेनंतर ते दिलं तर तिसऱ्या टप्प्याच्या आतड्याच्या कर्करोगात जीव वाचतात, हे ठामपणे दिसायला १९९० उजाडलं. मोअर्टेल यांच्या चाचणीत त्याच्या जोडीला लेव्हॅमिसोल दिलं होतं, हे मुळात जंतांचं औषध! मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी झाला. तेव्हापासून तिसऱ्या टप्प्यात केमो हा रिवाज पडला.

पण रिवाज कुणासाठी? या चाचण्यांमध्ये घेतलं कुणाला होतं? १९९९ मध्ये अमेरिकेत एक हिशेब प्रसिद्ध झाला. देशातल्या कर्करुग्णांपैकी ६३ टक्के लोक पासष्टीच्या पुढचे, आणि एका मोठ्या संशोधन गटाच्या चाचण्यांत घेतलेल्यांपैकी पासष्टीच्या पुढचे फक्त २५ टक्के. म्हणजे रोग म्हाताऱ्यांचा आणि औषधाची परीक्षा तरुणांवर. मग डॉक्टर म्हाताऱ्यांना औषध देताना कचरणारच, कारण पुरावाच नाही. आणि पुरावा नाही, कारण चाचणीत घेतलं नाही. असं हे गोल गोल.

ते चक्र २००१ मध्ये थोडं तुटलं. सात चाचण्यांतले ३३५१ रुग्ण एकत्र करून सार्जंट आणि सहकाऱ्यांनी बघितलं. सत्तरीच्या पुढचे त्यात ५०६ होते. निष्कर्ष असा की फाइव्ह-एफयूचा फायदा म्हाताऱ्यांनाही तरुणांइतकाच होतो आणि त्रासही फारसा जास्त होत नाही. ताईच्या बाजूने हा मोठा पुरावा. म्हणजे नुसतं वय बघून काकांना औषधच दिलं नसतं तर ते चूकच होतं. (अर्थात हे ५०६ जण चाचणीत घेण्याइतके ठणठणीत म्हातारे होते, हेही लक्षात ठेवायला हवं.)

पण काकांना औषध दिलं होतं. कॅपेसिटाबिनची गोळी शरीरात गेल्यावर फाइव्ह-एफयूच होते. मुद्दा राहिला दुसऱ्या औषधाचा, ऑक्सॅलिप्लॅटिनचा. २००४ मध्ये आलेल्या मोझॅक नावाच्या चाचणीत २२४६ रुग्ण होते. फाइव्ह-एफयूला ऑक्सॅलिप्लॅटिनची जोड दिली तर रोग उलटण्याचं प्रमाण आणखी कमी होतं, हे तिथे सिद्ध झालं. चाचणीची वयोमर्यादा पंचाहत्तर. पुढे अशा चाचण्यांचे आकडे वयानुसार वेगळे काढले तेव्हा दिसलं, की सत्तरीच्या पुढे या जोड-औषधाचा जादा फायदा नगण्य किंवा अगदी थोडा आहे. त्रास मात्र पुरेपूर. त्यातला मुख्य त्रास हातापायांच्या नसांचा. बोटं बधिर होतात, थंड भांड्याला हात लावला तर झिणझिण्या, आणि काहींचं हे बधिरपण वर्षानुवर्षं जात नाही.

आता आमचे काका. निवृत्त शिक्षक, पण गावात ओळख पेटीवाले म्हणून. गुरुवारच्या भजनाला गेली चाळीस वर्षं पेटी तेच वाजवतात. डॉक्टरांनी हा बधिरपणाचा विषय काढला तेव्हा दादा आणि वहिनी आपसात बोलत होते. काका म्हणाले, "मला इचारा की जरा. बोटं गेल्यावर मी काय टाळ कुटत बसू?" निर्णय तिथे झाला. तो त्यांनीच घेतला. पैशाचा प्रश्न आला नव्हता. ऑक्सॅलिप्लॅटिन आता आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात, पूर्वीइतकं ते महाग राहिलेलं नाही. ताई, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण त्या दिवशी तू पुण्यात होतीस आणि हे तुला कुणी सांगितलंच नाही. दादाने सांगायला हवं होतं. आणि दादा, "डॉक्टर म्हणाले तसं केलं" एवढ्यावर भागत नाही रे. डॉक्टरांनी बाबांना विचारलं आणि बाबांनी ठरवलं, हे सांगितलं असतंस तर चार महिने वाचले असते.

अशी माणसाला विचारून, तपासून ठरवायची पद्धत आता शास्त्र म्हणून उभी राहिली आहे. टाटामध्ये २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी वेगळी ओपीडी चालते. तिथे विचारायच्या गोष्टी वाचल्या तर वाटतं हे तर घरच्या आजीने विचारायचे प्रश्न! चालता येतं का, गेल्या काही महिन्यांत पडलात का, जेवण जातं का, वजन उतरलं का, गोळ्या किती चालू आहेत, विसरायला होतं का, मन लागतं का, घरी बघणारं कोण आहे. एखादा ऐंशीचा यात पास होतो, एखादा पासष्टचा नापास. केसपेपरवरचा वयाचा आकडा ही फक्त सुरुवात आहे.

आता दुसरी बाजू, आतेभावाची. त्याला आठ महिने रक्त जात होतं. "मोडाचं असंल" म्हणून एका ठिकाणी मलम, एका ठिकाणी पुड्या. "रगत जाऊलालंय पण दुखत नाही" असं तो आईला सांगायचा आणि आत्या ताक प्यायला द्यायची. छत्तिसाव्या वर्षी कर्करोग कुणाच्या डोक्यात येणार? म्हाताऱ्याचा थकवा वयाच्या नावावर खपतो आणि तरुणाचं रक्त मूळव्याधीच्या.

टाटामध्ये आलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या आठशे रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचं सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. अमेरिकेत हेच वय पासष्टच्या पुढे आहे. यावरून "भारतात तरुणांना जास्त होतो" असं लगेच म्हणू नये. आपला देशच तरुण आहे, तरुण जास्त म्हणून रुग्णांतही तरुण जास्त दिसणार. शिवाय आपल्याकडे या रोगाचं एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण तिकडे मात्र पन्नाशीच्या आतल्या लोकांत प्रमाण खरोखर वाढतंय. म्हणूनच अमेरिकेत तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणायची शिफारस २०१८ मध्ये तिथल्या कॅन्सर सोसायटीने आणि २०२१ मध्ये सरकारी तज्ज्ञगटाने केली. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच होते, आतड्याची नाही. म्हणजे आपल्याकडे लक्षण दिसल्यावर हालचाल करणं एवढंच हातात.

तरुणांच्या उपचाराचीही एक गंमत आहे, गंमत म्हणजे शोकांतिकाच. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की तरुणांना म्हाताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त केमो दिली जाते, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात गरज नसतानाही, आणि त्या मानाने आयुष्य वाढत नाही. "तरुण आहे, सोसेल" हे वाक्य "म्हातारा आहे, राहू द्या" याचंच जुळं भावंडं. दोन्हींत रुग्णाकडे न बघता आकड्याकडे बघितलं जातं. तरुणाचे प्रश्न वेगळे असतात. लग्न व्हायचंय का, मूल हवंय का (मग औषधं सुरू करण्याआधी वीर्य किंवा बीजांडं साठवायची सोय बघावी लागते), नोकरी टिकेल का. आणि घराण्यात हा रोग आहे का? मिशिगनच्या वॉर्थिन यांना १८९५ मध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे कर्करोगाने जातात, मीही जाणार. ती खरोखर तशीच गेली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, म्हणून त्या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णांच्या गाठीत बहुधा एक ठरावीक खूण सापडते. ती असेल तर औषधं बदलतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला ही खूण असलेल्या गुदाशयाच्या बारा रुग्णांचा रोग नुसत्या इम्युनोथेरपीने, शस्त्रक्रियेशिवाय, दिसेनासा झाला. औषध आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, पण गाठीची ही तपासणी आवाक्यात आहे. आतेभावाची केली, खूण निघाली नाही. त्याच्या सहा ग्रंथींत रोग होता. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर कमी जोखमीच्या रुग्णांना तीन महिने केमो पुरते असं ठरलंय, पण चार किंवा जास्त ग्रंथी असतील तर सहा महिनेच. म्हणून त्याला सहा. ते वयामुळे नव्हतं, ग्रंथींमुळे होतं.

तो आता कामावर जातो. पायातली चप्पल निसटली तरी त्याला कळत नाही, मागून पोरगी ओरडते तेव्हा थांबतो. ही किंमत त्याने समजून उमजून दिली, कारण पोरगी सहा वर्षांची आहे. काकांनी ती द्यायची नाकारली, कारण त्यांना गुरुवार हवा होता. मला दोघांचंही पटतं.

असो. बरंच लांबलं. नातेवाईकांना तीन गोष्टी सांगून थांबतो. एक, शौचावाटे रक्त गेलं तर वय कितीही असो, बोटाने तपासणारा आणि गरज पडली तर कोलॉनोस्कोपी सांगणारा डॉक्टर गाठा. मूळव्याध असेल तर उत्तमच, पण ते बघून कळू द्या. म्हाताऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन घसरलं तर लोहाच्या गोळ्या देताना रक्त कुठे जातंय हेही विचारा. दोन, सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. घरातल्या म्हाताऱ्यांचं ते काढून ठेवा, दुखणं आल्यावर धावाधाव नको. आणि तीन, डॉक्टरांशी बोलताना ज्याचं दुखणं आहे त्याला खोलीबाहेर बसवू नका. तो ऐंशीचा असला तरी.